खळ्यावरचं पाऊल

तुम्ही शेवटचे जिथे निजलात त्या जागी दिवा ठेवला होता आणि दिव्यापाशी ताटभर ज्वारीचं पीठ पसरलं होतं. वर टोपलं पालथं. दहाव्या दिवशी सकाळी शेजारच्या बायका जमल्या, टोपलं उचललं आणि तुम्ही कोणत्या जन्माला गेलात त्याचं पाऊल उमटलंय का, ते वाकून बघू लागल्या.

"पाखराचं हाय," रखमाकाकू म्हणाल्या. "ही बगा, तीन बोटं दिसून राह्यली."

"पाखरू न्हाई वो. खूर हाय. वासराचं."

"यवढंसं वासरू?"

"आत्ता तं जल्मलं. मंग केवढं आसंल?"

सगळ्या हसल्या आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाल्या. मलाही हसू आलं होतं, पण ते त्यांना कसं सांगणार? माझ्या कानात तुमचा आवाज होता: आधी मोजा. लांबी, रुंदी, दोन पावलांमधलं अंतर. नाव मागून द्या.

"आता हात फिरवून पीठ सारखं करा वैनी," रखमाकाकू म्हणाल्या. "नदीत सोडाया न्यायचं."

मी म्हटलं, राहू द्या दोन दिवस. त्यांना वाटलं, बाईचं मन होत नाही. तेही खरंच होतं. मी टोपलं परत झाकून ठेवलं.

त्याच दुपारी आपल्या नातवाचं, वसंताचं पत्र आलं, तुमच्या नावाने. संस्थानात सगळीकडे गडबड, रस्ते बंद, टपाल कुठे कुठे अडकून येतंय. त्याने ते मुंबईहून टाकलं तेव्हा तुम्ही होतात. या गडबडीपायी नातवंडं मुंबईला निघून गेली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. पोरांना अखेरचं बघायलाही येता आलं नाही. वसंता लिहितो: "आजोबा, आमच्या कॉलेजात नवा सूक्ष्मदर्शक आला आहे. काडेपेटीतले ते केस पाठवा. अस्वल की माणूस, पाच मिनिटांत सांगतो. आणि त्या मुंबईच्या विद्वानांचं इंग्रजी पत्रही पाठवा. आमच्या सरांना वाचायचं आहे."

शेवटची ओळ मी तीनदा वाचली.

वसंता इंग्रजी वाचतो. तुम्ही वाचत नव्हतात. म्हणून आज लिहायला बसले आहे.

हे बोलणं तुमच्याशी आहे, पण वाचणार आपली नातवंडं, वसंता आणि कुसुम. त्यांना काही कळेनासं होऊ नये म्हणून क्रमाने सांगते. क्रमाची माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे. डब्यांवर चिठ्ठ्या, लुगड्यांच्या घड्या रंगवार. तुम्ही म्हणायचात, यमदूत आला तरी ही त्याला आधी पाय पुसायला लावील. आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. पाय पुसले की नाही, मला माहीत नाही.

त्या वर्षी तुम्ही अंबड तालुक्यात गिरदावर होतात. गिरदावर म्हणजे गावोगाव फिरून शेतं-पिकं तपासणारा सरकारी माणूस, हे मुलांसाठी. आपली मालती, वसंता-कुसुमची आई, तेव्हा तीन वर्षांची होती. तिला जालन्याला माझ्या आईजवळ ठेवून सुगीच्या दौऱ्यावर मी तुमच्यासोबत निघाले होते. वडीगोद्रीच्या अलीकडे टेकडीच्या पायथ्याला एक खेडं आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे आपण पोचलो तर शेतात राखणीला कोणी जाईना. टेकडीत रानमाणूस आला होता.

रखवालदार गणपाची जबानी तुम्ही घेतलीत, मी वहीत उतरवली.

"वानर न्हाई सायब, अन् मानूस बी न्हाई. मधलंच कायतरी हाय. आंगभर केस. दोन पायावर चालतंय."

"उंची?"

"लई."

"लई म्हणजे किती हात?"

"मी पळून राह्यलो व्हतो सायब. पळताना हात कोन मोजतंय?"

तुम्ही हसला नाहीत. वहीत लिहायला लावलंत: उंची, मोजली नाही. असे तुम्ही एकेकाला विचारत गेलात आणि चार दिवसांत तुमच्या ध्यानात आलं की ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांचा रानमाणूस माणसाएवढाच होता. ज्यांनी चावडीवर बसून ऐकलं होतं त्यांचा सात हात उंच आणि उलट्या पावलांचा. समासात तुम्ही स्वतः लिहिलंत, "अंतर वाढते तशी उंची वाढते." त्या ओळीवर मी भाळले. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर नवऱ्यावर भाळणं चांगलं दिसत नाही, म्हणून बोलले नव्हते.

राहुटीत बसून मी तुम्हाला प्राण्यांचं ते जाड इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायची. माझे वडील जालना स्टेशनात तारमास्तर, त्यामुळे घरात इंग्रजीची भीती नव्हती, आणि मिशनच्या मिसबाईंनी मला शिकवलं होतं. तुमचं शिक्षण सगळं उर्दूत. तुम्ही चार लोकांत सांगायचात, "आमचं इंग्रजी यांच्याकडे ठेवायला दिलंय." त्या विश्वासाचं मी पुढे काय केलं ते सांगायचंच आहे.

पुस्तकात होतं की माणसासारखी मोठी बिनशेपटीची वानरं आहेत, पण ती समुद्रापलीकडच्या दमट रानांत. आपल्या कोरड्या टेकड्यांत त्यांनी खावं काय? तुम्ही ते नाव खोडलंत. शेपटीपायी आपलं वानरही खोडलंत. उरलं अस्वल. या टेकड्यांत अस्वल कोणी पाहिलं नव्हतं, पण त्यालाही तुमच्याकडे उत्तर होतं. दरवेशी अस्वल घेऊन गावोगाव फिरतात, त्याला दोन पायांवर उभं राहायला शिकवतात. अशा एखाद्या दरवेशाचं अस्वल सुटलं असेल. माणसांत वाढलेलं, म्हणून गावाच्या कडेने राहतं. शिकवलेलं, म्हणून दोन पायांवर चालतं. किती सुंदर विचार होता. मला तो आजही आवडतो.

मी म्हटलं, "माणूसच असेल तर?"

"माणूस असता तर बोलला असता."

"कोणाशी?"

आपलं भांडण तेव्हापासूनचं. पस्तीस वर्षं झाली, तुम्ही अस्वल आणि मी माणूस.

तेवढ्यात तालुक्याहून निरोप आला. एका जहागीरदाराचे बंदुकवाले येणार, ढोल वाजवून टेकडीला हाका घालणार आणि जे उठेल ते मारून त्यात पेंढा भरणार. गाव खूश झालं. तुम्ही मात्र घोड्यावर बसून अंबडला जाऊन आलात आणि चार दिवसांची मुदत आणलीत. जे काय आहे ते ठाऊक नसताना त्यावर गोळी झाडायची नाही, एवढंच तुमचं म्हणणं होतं. कुसुम, वसंता, तुमचे आजोबा साहेबांपुढे मान वर करून बोलले ते एवढ्या एका गोष्टीसाठी.

पाऊल मिळवायची युक्ती तुमचीच. गावाबाहेर पाटलाच्या शेतात नवं खळं केलं होतं. पाणी मारून, बैलांनी तुडवून घट्ट केलेलं. तुम्ही म्हणालात, रोज सांजेला ते खळं आणि भोवतीचा सात हात पट्टा शेणमातीने पातळ सारवायचा आणि मधे कणसांचा ढीग ठेवायचा. सारवायला सखूबाई होती. गुडघ्यावर बसून मागे मागे सरकत ती हात फिरवायची आणि मागे कमानीमागून कमानी उमटत जायच्या.

"कागदावानी करून देते सायब. मुंगी चालली तरी उमटंल."

"मला मुंगी नको, रानमाणूस पाहिजे."

"यील की. यवढं साफ आंगन त्याच्या बापानं तरी बगितलंय का?"

मी तिच्याजवळ बसून शिकत होते. ती म्हणाली, "बाईसायब, हरेक बाईचा हात वायला. माझं सारवन बगा अन् माझ्या जावचं बगा. डोळे झाकून बोटं फिरवली तरी मी वळखते." मग बोटाने दाखवून दिलं तिने, कोणाची कमान मोठी, कोणाची करंगळी उचललेली. आणि सांगितलं की खळ्याचं सारवण फाटलं तर ते तसं टाकून कोणी उठत नाही. लक्ष्मीची जागा. ज्याच्या पायाने फाटलं त्याने तिथल्या तिथे हात फिरवायचा.

पहिल्या सकाळी कुत्रं आणि एक टिटवी. दुसऱ्या सकाळी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्याआधी कोणी खळ्यावर जायचं नाही अशी तुमची ताकीद होती, पण तुम्ही तोंड धूत होतात आणि मी फीत, दौत, कागद मांडून ठेवायला पुढे गेले. सगळं जागच्या जागी असलं की तुमचं काम बरं चालायचं.

उजाडलं होतं. पावलं होती. टेकडीकडून येणारी, कणसांपर्यंत जाणारी, परतणारी. रुंद, आखूड, बोटांच्या जागी नुसते बुडखे. क्षणभर मलाही वाटलं, तुम्ही जिंकलात, जनावरच आहे. मग बाहेर जाणाऱ्या पावलांत एका जागी पाय घसरून सारवण फाटलं होतं, ते दिसलं. आणि ते फाटलेलं नीट केलेलं होतं.

हाताने. डावीकडून उजवीकडे, एकावर एक तीन कमानी. चार बोटांच्या चार रेघा असायच्या तिथे दीड होती.

मी तिथे खाली बसले. हे सगळं सांगायला मला पस्तीस वर्षं लागली, कळायला तेव्हा एक पळही लागलं नाही. रगतपितीने, महारोगाने बोटं झडलेली बाई होती ती. कोण्या घरातून निघालेली, टेकडीत राहणारी, केस वाढलेली, पोटासाठी उतरलेली. लोक ओरडत पळत होते, ढोल वाजणार होते, आणि तिने दुसऱ्याच्या खळ्यावर आपला पाय घसरला म्हणून खाली बसून, नसलेल्या बोटांनी, ते सारवून ठेवलं होतं.

तुम्ही ते पाहिलं असतं तर लिहिलं असतं. तुमच्या कलमाला खोटं येत नव्हतं. आणि कागदावर आल्यावर ते तुमच्या हातात राहिलं नसतं. रानमाणसाला गाव भीत होतं म्हणून लांब होतं. रगतपितीच्या बाईला ते दगड घेऊन हुडकायला गेलं असतं. मी असं एकदा लहानपणी स्टेशनाबाहेर पाहिलं होतं.

सखूबाईची शेणाची पाटी ओल्या पोत्याखाली झाकलेली होती. मी मूठभर घेतलं आणि त्या कमानींवरून माझा हात फिरवला.

तुम्ही आलात. पावलं मोजलीत, चित्र काढलंत, आणि ओल्या जागेपाशी थांबलात.

"हे काय?"

"माझा पाय पडला. फाटलं. सारखं केलं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर आवाज चढवला असेल तर तेव्हाच. "पुरावा होता तो. पुरावा सारवतात का?"

दुपारी जालन्याहून बोलावलेला म्हातारा दरवेशी पोचला. उकिडवा बसून त्याने एकेक पाऊल पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं. नखांत अजून शेण होतं.

"साब, रीछ के नखां किधर हैं इसमें?"

मी पदर सारखा केला. मग तो म्हणाला, "बुड्ढा होंगा. घिस गए होंगे. पाला हुआ है साब, मारो नक्को. जैसा आया वैसा चले जाता." आणि मला सलाम करून उठला. त्याने काय ओळखलं ते मला कधी कळलं नाही. त्याचे उपकार मात्र कळले.

पाळीव, म्हातारं, निरुपद्रवी अस्वल: असा तुमचा अहवाल गेला आणि हाका रद्द झाला. पेंढा भरायला कोणाला म्हातारं अस्वल नको होतं. त्याच दिवशी बांधावरच्या बोरीला अडकलेले केस तुम्हाला मिळाले. ते काडेपेटीत घालून मीच वर चिठ्ठी लावली. तुम्ही सांगितलंत ते अक्षर सुबक काढून लिहिलं: अस्वल.

नंतर दोन दिवस आपण तिथे होतो. बोरीखाली मी गाडग्यात भाकरी ठेवली, वर माझं जुनं लुगडं. सकाळी लुगडं नव्हतं. गाडगं राखेने घासून पालथं ठेवलेलं होतं. तशी टापटीप मी पुढे कोणाची पाहिली नाही. निघताना सखूबाईला म्हटलं, "बोरीखाली रोज भाकरी ठेवशील का?" तिने कशाला म्हणून विचारलं नाही. म्हणाली, "ठिवीतच व्हते की बाई. तुमी निगा."

घरी आल्यावर तुम्ही ती गोष्ट सगळ्यांना सांगितलीत. राग केव्हाच गेला होता. "आमच्या हिने रानमाणूस सारवून टाकला." पाहुणे हसायचे, मीही हसायची आणि चहा आणायला उठायची. मालतीच्या लग्नात सांगितलंत, वसंताच्या बारशात सांगितलंत. प्रत्येक वेळी माझ्या तळहाताला त्या दीड रेघा लागायच्या.

तेव्हाच सांगितलं असतं, तर एवढ्यावरच थांबलं असतं. पण नंतर तुम्ही अहवालाची नक्कल मुंबईच्या त्या विद्वानांना पाठवलीत. त्याचं इंग्रजी मी केलं होतं. सहा महिन्यांनी उत्तर आलं. तुम्ही पाटावर बसलात, चष्मा पुसलात, जणू तुम्हीच वाचणार होतात. मी वाचत आणि सांगत गेले. तुमच्या पद्धतीची त्यांनी मनापासून तारीफ केली होती. सारवलेल्या जमिनीची युक्ती त्यांना फार आवडली होती. ते सगळं सांगितलं. मधला एक परिच्छेद मी सांगितला नाही.

त्यात होतं: नखांच्या खुणा नसतील तर हे अस्वल नव्हे. बोटं झडलेल्या माणसाचा पाय दिसतो. तसं कोणी त्या भागात आहे का, याची चौकशी करावी.

चौकशी हा शब्द दिसला तशी मी पुढच्या परिच्छेदावर गेले. ती अजून तिथे असेल तर? तुम्ही दुसऱ्या दिवशी घोडा काढला असता.

"नखांचं काही लिहिलं नाही?" तुम्ही विचारलंत.

"नाही."

"आश्चर्य आहे. एवढा विद्वान माणूस, आणि नखांचं विचारत नाही." पत्राची घडी घालून तुम्ही ते खणात ठेवलंत. जरा हिरमुसला होतात. मला वाटतं, त्या दिवसापासून तुम्ही त्या विद्वानाला थोडं कमी लेखू लागलात, आणि तो बिचारा बरोबर होता.

खळ्यावर एकदा सारवलं ते तिच्यासाठी. दुसऱ्यांदा तुमच्या इंग्रजीवर हात फिरवला, तेही तिच्यासाठीच, असं मी स्वतःला सांगत आले. पण ती काय एवढी वर्षं जगली असेल? चार-पाच वर्षांत केव्हातरी ती गेली असेल, आणि तिथून पुढे मी जे झाकलं ते फक्त मला झाकलं. सांगायला गेले तर पहिला दिवस सांगावा लागे, मग पत्र, मग मधली सगळी वर्षं. तुम्ही रागावला असता याची भीती नव्हती. तुम्ही गप्प बसला असता याची होती.

जायच्या आदल्या दुपारी तुम्ही शुद्धीवर होतात. पेज घेतलीत दोन चमचे. मग छताकडे बघत म्हणालात, "त्या खळ्यावरचा पाय... नखं का नव्हती गं?"

घरात कोणी नव्हतं. दारही लोटलेलं होतं. एवढी मोकळी वेळ देवाने समोर आणून ठेवली होती. मी तुमच्या अंगावरचं पांघरूण सरळ केलं आणि म्हटलं, "म्हातारं होतं ना ते. झिजली असतील. पडा आता."

तुम्ही मान हलवलीत. माझं ऐकलंत. तुम्ही माझं नेहमी ऐकायचात.

नखं नव्हती कारण ती बाई होती. तिचं नाव मला माहीत नाही. तुमचं अस्वल चुकलं, पण तुम्ही मागितलेल्या चार दिवसांनी ती वाचली. तुम्ही मोजायला उभे राहिला नसतात तर हात फिरवायला मी तिथे कुठली असणार? हे तुम्हाला सांगायचं होतं. हेच ऐकून तुम्ही खूश झाला असता, आणि हेच राहिलं.

काल खण उघडला. काडेपेटी, पत्र, वही, सगळं गाठोड्यात बांधलं आहे. वाट मोकळी झाली की मुंबईला जाईल. वही बांधण्याआधी चाळली. सगळ्या नोंदी शाईत आहेत. निष्कर्षाच्या रकान्यातलं "अस्वल" तेवढं पेन्सिलीत. हे माझ्या नजरेस इतक्या वर्षांत कसं पडलं नाही? तुम्ही शाई कशाची वाट बघत राखून ठेवली होतीत?

वसंता, केस बघ आणि जे दिसेल ते त्या पेन्सिलीच्या खाली शाईने लिही. आजोबांचं अक्षर खोडू नकोस. पत्र कुसुमला वाचून दाखव, सगळं. मधलं गाळू नकोस.

आज सकाळी मी टोपलं उचललं. तुमची फीत घेतली आणि पिठातली खूण मोजली. लांबी, रुंदी, पुढच्या खुणेपर्यंतचं अंतर. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. रखमाकाकू पाखरू म्हणतात, दुसऱ्या वासरू म्हणतात, तेही लिहिलं. निष्कर्षाचा रकाना मोकळा आहे. उद्या ते पीठ नदीला नेतील. तोवर ते होतं तसंच आहे. मी त्याला हात लावलेला नाही.